फिरतंय की!

थोरल्या काकांचा भात्याचा कॅमेरा बिघडलेला आहे, हे आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घरात वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. भिंगाभोवतीची अंतराची कडी मजेत फिरत होती ना! अडकलेली वस्तू फिरत नाही, असा आपला साधा समज. ही अडकूनच फिरत होती.

कॅमेरा जर्मन. कंपनीचं नाव सांगत नाही. इतक्या वर्षांनी गाऱ्हाणं घेऊन जाणं बरं दिसत नाही. आत तीन सुट्या काचा. हॅरल्ड डेनिस टेलर नावाच्या इंग्रजाने १८९३ मध्ये तीनच काचांत नेटकं चित्र देणारं भिंग बसवून दाखवलं, आणि पुढे परवडणाऱ्या घडीच्या कॅमेऱ्यांचा संसार बराचसा याच त्रिकुटावर चालला. त्यातही काटकसर अशी, की फोकससाठी सगळं भिंग हलवायचं नाही. फक्त पुढची काच आपल्या आट्यांवर मागेपुढे करायची. आटे लोण्यासारखे फिरावेत म्हणून त्यांत ग्रीस. ते ग्रीस काळाच्या ओघात वाळतं आणि पुढची काच मधल्या काचेला कायमची जखडते. मग कडी फिरवली की पुढची काच मधलीला घेऊनच निघते. मधलीचे शटरमधले आटे सैल होतात. बोटांना वाटतं, फोकस झाला. या दोन काचांमधल्या ज्या फटीवर सगळा खेळ, ती मात्र जिथल्या तिथे.

याचा भुर्दंड आमच्या आत्याने भरला. अल्बममध्ये ती जिथे तिथे धुकट, आणि तिच्या मागच्या भिंतीचा पोपडा मात्र असा स्वच्छ की चुना कुठे कमी पडला ते सांगावं. तेव्हा घराने निकाल दिला होता, ‘ही हलते.’ पुढे दुसरा कॅमेरा आला, बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री, तरी आत्याला फोटोआधी तंबी मिळायचीच. बिचारी श्वास कोंडून उभी राहायची. त्यामुळे क्लिक-थ्रीमधली आत्या स्वच्छ आहे, पण चेहरा गुदमरलेला.

दोष आत्याचा नव्हे, कडीचा, हे कळल्यावर काकांचा तो कॅमेरा उघडायला मी ओट्यावर बसलो. तीच काय ती चूक झाली, असं बायको म्हणते. पुरानी बस्तीत ओट्यावर काहीही उघडून बसा, महामायेचं दर्शन घेऊन परतणारे दोघंतिघं टेकतातच. भाजीची पिशवी घेऊन टुरी हटरीच्या बाजारातून येणाऱ्यांनाही घाई नसते. ‘थोरकिन जोर लगा भैया, खुल जाही,’ हा पहिला सल्ला. दुसरा खोबरेल तेलाचा. तिसऱ्याने गंज सोडवायचा स्प्रे आणायला पोरगा पाठवलासुद्धा; त्याला कोपऱ्यावरून परत बोलवावं लागलं. तेल एकदा झिरपलं की शटरच्या पातळ पात्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणजे एक अडकलेलं सोडवताना दुसरं अडकायचं. चौथे गृहस्थ म्हणाले, ‘नवतपा चालू आहे, गच्चीवर ठेवून दे.’ हा सल्ला मला मनापासून आवडला. पण उन्हाळ्यातल्या त्या नऊ जहाल दिवसांच्या पंचेचाळीस अंशांत रायपूरची माणसं वितळतात, हे ग्रीस नाही.

खरं काम कंटाळवाणं आहे. कडीच्या काठावर तीन स्क्रू असतात, मोहरीएवढेही नाहीत. घड्याळजीच्या पेचकसानेच ते ऐकतात. कडी उतरवायची, जखडलेली जोडी शटरमधून एकत्रच बाहेर काढायची. सांध्यावर लायटरच्या पेट्रोलचे थेंब सोडून रात्रभर ठेवायचं. सकाळी हेअर ड्रायरची ऊब. पुढची काच एकटी आहे, दुसऱ्या काचेला चिकटवलेली नाही, म्हणून एवढी ऊब चालते. मग सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे घ्यायचे, एकात पुढची चौकट, दुसऱ्यात मधली, आणि पिळायचं. सुटलं नाही तर पुन्हा थेंब, पुन्हा ऊब. पक्कड आणायचा मोह होतो. पितळेची चौकट जराशी लंबगोल झाली की ती जन्मात फिरत नाही.

जोडी सुटली तेव्हा आट्यांत हिरवट, लाखेसारखं कडक काहीतरी निघालं. भाचीच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीने ते गेलं. भाचीने बाटलीचा हिशोब अजून मागितलेला नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यांत गोड वाटतो. काच परत बसवली की अनंत कुठे आहे ते कॅमेऱ्याला नव्याने शिकवावं लागतं. पाठीमागे, फिल्म जिथे बसते तिथे, ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, शटर उघडं ठेवायचं आणि लांबच्या वस्तूकडे रोखायचं. गच्चीवरून मी महामायेच्या मंदिराचा कळस धरला. पुढची काच केसभर इकडे, केसभर तिकडे. कळसाची कड रेखीव झाली की कडी अनंताच्या खुणेवर ठेवून तिन्ही स्क्रू आवळायचे. कागदावर चित्र अर्थात उलटं. काकूने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ‘अरे, देवीचा कळस खाली कशाला केलास?’ भिंगाचा धर्मच तो, हे मी समजावलं. ‘मग सरळ भिंग घे की,’ ती म्हणाली.

फिल्म अजून मिळते. १२० नंबरची, कोडॅकने १९०१ मध्ये काढलेली. चौरस फोटो निघतात बारा. या कॅमेऱ्यात अंतर मोजायची सोय नाही, अंदाजाने मीटर ठरवून कडी लावायची. तेव्हा आता आमच्या अंगणात दोन पक्ष आहेत. मी टेपने मोजतो. काकू म्हणते, तुळशीपासून उंबरा चार हात, टेप कशाला? आत्याला निरोप गेला आहे. ती येते म्हणाली, पण एका अटीवर: फोटो काढताना तिला कुणी काही सांगायचं नाही.