आग रामेश्वरी, सांता सोमेश्वरी

मराठीत स्पिरिट म्हणजे इंजेक्शन टोचण्याआधी नर्स कापसाने दंडावर चोळते ते. बूच उघडे राहिले की उडून जाते आणि नवी बाटली आणावी लागते. हॉलिवूडचे ‘ख्रिसमस स्पिरिट’ याच जातीचे असावे. दर डिसेंबरात ते हरवते, दीड तास शोधले जाते, शेवटच्या दहा मिनिटांत घंटा, बर्फ आणि मिठ्यांच्या गर्दीत सापडते, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा बेपत्ता. हरवण्याबद्दल तक्रार नाही. छत्र्याही दर पावसाळ्यात हरवतात. खटकते ते हे, की संशयित दर वेळी तोच. कानाला फोन लावलेला, पोराच्या शाळेतल्या नाटकाला उशिरा पोचलेला, कुठल्याशा कंपनीतला पगारी माणूस. सणाचा विचका त्याच्यामुळे, सुधारायचे त्याने, माफी मागायची त्याने, आणि जमल्यास नोकरीवर लाथ मारायची तीही त्यानेच. त्याला चोवीस डिसेंबरला कामावर बोलावले कोणी, हा प्रश्न शेवटची नावे वर सरकेपर्यंत कोणाला पडत नाही. गंमत म्हणजे हा साचा ज्या गोष्टीवरून काढला, तिच्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मालक उभा होता.

चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. बालमजुरांच्या हालांवरचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स त्या वर्षी एक पत्रक काढायला निघाला होता. मग बेत बदलून त्याने भुताची गोष्ट लिहिली. शहाणा माणूस, पत्रके कोण वाचतो हे त्याला ठाऊक होते. गोष्टीतला हिशेब मात्र पत्रकाइतकाच चोख आहे. कंजूष मालक स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट, पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. सहा दिवसांचा आठवडा धरा, रोजचे अडीच शिलिंग झाले, म्हणजे एक हाफ क्राउन. आणि नाताळच्या एकुलत्या एका सुटीचा पगार द्यावा लागतो म्हणून स्क्रूज कुरकुरतो तोही नेमक्या हाफ क्राउनवरून. कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत, कारकुनाच्या शेगडीत जेमतेम एक निखारा, आणि तो बिचारा गळ्याला मफलर गुंडाळून मेणबत्तीवर ऊब शोधतो. मग तीन भुते रात्रपाळी करतात (ओव्हरटाइमचा उल्लेख नाही) आणि स्क्रूज बदलतो. बदलतो म्हणजे काय करतो? हसतो, नाचतो, भाच्याकडे जेवायला जातो, ते सगळे आहेच. पण सव्वीस तारखेला बॉब साडेअठरा मिनिटे उशिरा येतो, तेव्हा आधी दम भरल्याचे नाटक करून स्क्रूज त्याचा पगार वाढवतो आणि पुढचे एक अक्षरही लिहायच्या आधी कोळशाची आणखी एक बादली विकत आणायला सांगतो. स्पिरिट परत आले हे ओळखायचे कशावरून, तर पगार आणि कोळसा यांवरून. डिकन्सलाही डोक्यावर घ्यायचे कारण नाही. पुस्तकाची किंमत त्याने पाच शिलिंग ठेवली, म्हणजे क्रॅचिटची दोन दिवसांची मजुरी. ज्याची गोष्ट त्यालाच ती परवडली नसती. आणि ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ने १८४४ साली खवचटपणे विचारलेच, की स्क्रूजने पाठवलेली टर्की क्रॅचिटच्या ताटात पडली ती कोणाच्या ताटातून उचलली? अर्थशास्त्राला सणाची सुटी नसते.

सिनेमाने ही कथा घेतली आणि हळूहळू तिच्यातला पगार काढून टाकला. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये काम अर्धे झालेले दिसते. जॉर्ज बेलीच्या पतसंस्थेचे आठ हजार डॉलर त्याच्या विसराळू काकाच्या हातून बँकवाल्या पॉटरच्या वर्तमानपत्रात जातात, पॉटर ते गुपचूप ठेवून घेतो, आणि जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो. शेवटी गाव वर्गणी काढून रक्कम उभी करते, जॉर्जला वाचवणाऱ्या देवदूताला पंख मिळतात, प्रेक्षक डोळे पुसतात. आठ हजार पॉटरकडेच. त्याला कोणी जाबही विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असे ऐकले होते, इथे चोर सोडून संन्याशाला वर्गणी देतात. एवढे मवाळ असूनही पुढच्या वर्षी एफबीआयच्या एका टिपणात या सिनेमावर बँकवाल्यांना बदनाम केल्याचा ठपका आला. आणि त्याच १९४७ सालच्या ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’मध्ये मेसीज या दुकानाचा सांता गिऱ्हाइकांना शेजारच्या दुकानात पाठवतो, या दिलदारीने आपलाच नफा वाढतो हे मालकाच्या ध्यानात येते आणि तो खूश होतो. श्रद्धा शिकायची ती त्याच दुकानात नोकरी करून एकटीने मुलगी वाढवणाऱ्या बाईने. तिचा गुन्हा एवढाच, की तिने मुलीला खरे सांगितले होते.

साचा पूर्ण घोटलेला पाहायचा असेल तर २००३ चा ‘एल्फ’ पाहावा. यात स्पिरिट मोजायचे यंत्रच आहे. सांताची घसरगाडी मुळात लोकांच्या उत्साहावर उडायची. श्रद्धा आटली म्हणून तिला विमानाचे इंजिन बसवावे लागले. ते इंजिन न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर निखळते, आणि आता शहराने गाणे म्हटले तरच गाडी वर उठणार. गर्दी गाऊ लागते. पण घोडे एका जागी अडते. नायकाच्या वॉल्टर नावाच्या बापाचे ओठ हलताहेत, आवाज येत नाही. शेजारी उभा असलेला धाकटा मुलगा ही चोरी पकडतो, बाप खुल्या गळ्याने गातो, आणि गाडी आकाशात. ऑफिसातल्या सभागीतात ओठ हलवून वेळ मारून नेणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगाचा धसका घ्यावा. मनुष्यबळ विभागाला हे यंत्र मिळाले तर कठीण आहे. वॉल्टर काही साधूपुरुष नाही. शेवटची दोन पाने छापायची राहिलेले मुलांचे पुस्तक तो फेरछपाईचा खर्च वाचवायला तसेच बाजारात सोडतो. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी बैठक ठेवणारा त्याचा मालक कोणता काटा फिरवतो, हे यंत्र सांगत नाही. मुलगा बापाला बोलवायला येतो, बाप बैठक पुढे ढकला म्हणतो, मालक नाही म्हणतो, बाप नोकरीवर पाणी सोडून निघून जातो. मालकासाठी एकही भूत येत नाही. आणि जिथून हे स्पिरिट जगभर निर्यात होते त्या उत्तर ध्रुवावरच्या कारखान्यात काय चालते? नायकाची पंच्याऐंशी खेळणी तयार झालेली असतात, आणि मुकादम त्याला ऐकवतो की ठरल्या आकड्याला नऊशे पंधरा कमी पडली.

लहान मुलांच्या सिनेमात कामगार कायदा शोधणारा माणूस स्वतःच स्क्रूज आहे, असे कोणी म्हणेल. म्हणावे. पण मुलांच्या सिनेमात मुले काय शिकतात ते तरी पाहाल की नाही? बाबा उशिरा येतात कारण त्यांचे आपल्यावर पुरेसे प्रेम नाही, एवढेच. मालकाचा चेहरा ज्या गोष्टीत दोन मिनिटे दिसतो, तिच्यात पोराने रागवायचे तरी कोणावर? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कामात बुडालेले आईबाप खरेच असतात, त्यांना कोणी हलवून जागे केले तर बिघडले काय? काहीच नाही. मात्र अमेरिकेच्या १९३८ च्या केंद्रीय श्रम कायद्यात खासगी मालकाने सणाच्या सुटीचा पगार द्यावा अशी सक्ती नाही, तेव्हा तिथे बैठकीतून ताडकन उठून जाणे हा बँकेत शिल्लक असलेल्याचा पराक्रम आहे. वॉल्टर पुढे स्वतःचे प्रकाशन काढतो. चोवीसच्या रात्री भेटवस्तू बांधून देणारी दुकानातली मुलगी काय काढणार? ‘जिंगल ऑल द वे’मध्ये डिसेंबरभर दुसऱ्यांची पार्सले वाहणाऱ्या पोस्टमनलाही आपल्या पोरासाठी नायक शोधतो तीच बाहुली हवी असते, म्हणून तो खलनायक होतो आणि पोलिसांच्या हाती लागतो. जाता जाता नायकाचा मुलगा त्याला बाहुली देऊन टाकतो. पोस्टमनच्या पगाराबद्दल सिनेमाचे काही म्हणणे नाही.

पैसा सर्वस्व नाही, हा तिसरा आक्षेप तर सिनेमावालेच घेतात. नाताळ दुकानातून येत नाही हे शिकवणारा ‘ग्रिंच’ २००० साली अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. १९८९ च्या ‘ख्रिसमस व्हेकेशन’चा नायक क्लार्क बोनसच्या भरवशावर पोहण्याच्या तलावाची आगाऊ रक्कम भरून बसला आहे. नाताळच्या आदल्या दिवशी पाकीट येते. घर श्वास रोखून पाहते. आत धनादेश नाही, वर्षभर दरमहा एक जेली घरपोच मिळण्याचे सभासदत्व आहे. ज्यांना दिवाळीत सोनपापडीचा डबा मिळाला आहे, त्यांना हे दृश्य डब करून दाखवायची गरज नाही. स्पिरिटने काही होत नाही हे ओळखून क्लार्कचा एक नातेवाईक मालकालाच पायजम्यात उचलून आणतो, सशस्त्र पोलीस खिडक्या फोडून घरात घुसतात, आणि त्या गोंधळात बोनस मंजूर होतो, वर वीस टक्के जादा. म्हणजे मालकाचे मन पालटलेले दाखवायला अपहरण लागले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठी गिरण्या बंद पाडल्या, आणि १९६५ च्या बोनस कायद्यात पुढच्या दुरुस्तीने किमान ८.३३ टक्के लिहिले गेले. त्यात कोणाला पायजम्यात उचलून आणायची तरतूद नव्हती, बहुधा म्हणूनच त्यावर कौटुंबिक सिनेमा निघाला नाही.

नाताळचा साचा चालवायचे काम आता हॉलमार्ककडे आहे. १९१० साली कॅन्सस सिटीत सुरू झालेली ही शुभेच्छापत्रांची कंपनी, तिची वाहिनी दर हिवाळ्यात नव्या नाताळपटांची रास लावते. शहरातली बढतीच्या उंबरठ्यावरची बाई गावी येते, जुन्या बेकरीत कोणाच्या तरी चौकड्याच्या शर्टाला पीठ लागलेले पाहते आणि नोकरी सोडते. बरेचसे चित्रीकरण कॅनडात भर उन्हाळ्यात होते, त्यामुळे लोकरी कोट आणि मफलरांतली नायिका खोट्या बर्फावर उभी राहून घाम टिपून घेते आणि मग फोनवर सांगते की मी आता परत येणार नाही. टाळ्या, चुंबन, घंटा. तिच्या टेबलावरच्या फायली मात्र उडून जात नाहीत. सव्वीस तारखेला त्या शेजारच्या टेबलावर जातात, आणि तिथल्या बाईच्या कानाला फोन चिकटतो. पुढच्या डिसेंबरची नायिका तीच.