शेवट आधीच सांगा

भुताच्या मालिकेवर मत द्यायचा अधिकार तेरच्या माणसाला जरा जास्तच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्या गावात गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, गोष्ट ऐकतच पोरं मोठी होतात, तिथं पडदा हलला म्हणून कोण भिणार? झी मराठीवर २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. आकेरीच्या वाड्यात संगीत दाणकन वाजायचं, नाईकांच्या घरातल्या एकेकाचा चेहरा आळीपाळीनं जवळून दिसायचा आणि लगेच जाहिराती. प्रेक्षक दचकायचा, पण भ्यायचा नाही. कारण पुढं काय होणार हे ना घरातल्यांना ठाऊक, ना प्रेक्षकाला. कधीकधी लेखकालाही नसावं. माझं म्हणणं एवढंच की, भीती वाटायला आधी माहिती लागते. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) घ्या. पुण्यातलं घर, आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश पियानो वाजवतोय आणि समोर यजमानाचं प्रेत. बाथरूममध्ये जावं तर तिथं यजमानाची बायको सिमी हिचा पिस्तूलवाला प्रियकर. परत येऊन हा निमूट वाजवत बसतो आणि सिमी त्या प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला बॅगेत भरते. आकाशला दिसतंय हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. घाम फुटतो तो त्यामुळं, अंधारामुळं नव्हे.

कुणी म्हणेल, मालिकेला रोजचा रतीब घालायचा असतो, सिनेमा सव्वादोन तासांत मोकळा होतो. ही तुलना अन्यायाची. मान्य. पण त्याच मालिकेचा २०१९चा दुसरा भाग बघा. गोष्ट पहिल्या भागाच्या आधीची, म्हणजे अण्णा नाईक मरणार हे सगळ्यांना पाठ. तरीही माणसं अण्णा आणि त्यांच्या प्रेयसी शेवंतासाठी जागली. मग रहस्यात उरतं काय, असं विचाराल, तर उत्तर तेरमध्येच आहे. गोरोबाकाका भजनात दंग होऊन चिखल तुडवताहेत, तान्हं रांगत येतंय. ते पायाखाली जाणार हे श्रोत्याला ठाऊक, विठ्ठलकृपेनं परत मिळणार हेही ठाऊक. सातशे वर्षं फुटलेला शेवट! ना वाडा, ना अमावस्या. तरी कीर्तनात लेकरू चिखलाकडं निघालं की मंडपातल्या बाया मांडीवरचं पोर जवळ ओढतात. तेव्हा ‘कृपया शेवट सांगू नका’ म्हणून हात जोडणाऱ्या निर्मात्यांनो, खुशाल सांगू द्या. शेवट कळताच जी गोष्ट मरते, तिच्यात आधीही जीव नव्हता.