सांगण्यासारखं नाही

'सांगण्यासारखं नाही' हे अण्णांचं आवडतं वाक्य. ते उच्चारलं की अण्णा चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात आणि आपण 'काय हो?' म्हणायची वाट बघतात. आपण गप्प राहिलो तर तोच चष्मा पुन्हा पुसतात.

उभी हयात बँकेच्या लॉकर विभागात गेली. घरी लोखंडी कपाट, कपाटात चोरकप्पा, चोरकप्प्यात डबा, डब्याला नंबरचं कुलूप. नंबर डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. कुलूप किती पक्कं आहे ते उघडून दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसं?

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरचं चलन चोरीला गेलं. अण्णांचा तिथे छदामही नव्हता. भाच्याने हौसेने घेऊन दिलेलं दोन हजारांचं बिटकॉइन भलत्याच एक्स्चेंजवर होतं. तरी अण्णांची झोप उडाली. 'किल्ली ज्याच्याकडे, माल त्याचा,' म्हणत त्यांनी हार्डवेअर वॉलेट मागवलं. ऐवजापेक्षा पाकीट महाग पडलं, पण सुरक्षेत काटकसर अण्णांना मंजूर नाही.

अभ्यास मात्र चोख. बिटकॉइन त्या यंत्रात नसतंच, ते ब्लॉकचेनवर असतं. यंत्र फक्त खाजगी किल्ली सांभाळतं, व्यवहारावर आतल्या आत सही करतं आणि किल्ली कॉम्प्युटरला दिसू देत नाही, हे त्यांनी आम्हाला कट्ट्यावर समजावलं. भाचा स्वतःचं जुनं यंत्र फुकट देत होता, ते घेतलं नाही. थेट कंपनीकडूनच मागवलं. 'खोक्यात किल्ली परत मिळवायचे शब्द आधीच छापलेले आले तर समजायचं, चोराने पाठवलंय. शब्द आपल्यासमोर यंत्रानेच बनवायला हवेत.' शिवाय २०२० मध्ये लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते फुटले आणि पुढे काहींच्या घरी पोस्टाने बनावट यंत्रं आली, हेही सांगितलं. मग वॉचमन, दूधवाला आणि इस्त्रीवाला या तिघांना बजावलं, 'गुरुवारी माझं क्रिप्टोचं पार्सल येणार आहे, कोणाला बोलू नका.' अण्णांचा पत्ता फुटायला कंपनीची गरज पडली नाही.

गुरुवारी खिडक्या बंद झाल्या, पडदे ओढले गेले, सगळे मोबाइल पिठाच्या डब्यात गेले. पिन ठरला. तीनदा चुकला तर यंत्र स्वतःला कोरं करतं, म्हणून तो लग्नाच्या तारखेचा नव्हता, ती अण्णांना आठवत नाही. मग पडद्यावर एकेक करत चोवीस इंग्रजी शब्द आले. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले चोवीस, ठरावीक क्रमाने. यंत्र हरवलं, फुटलं, तरी या शब्दांवर सगळं परत मिळतं, आणि हे शब्द दुसऱ्याला मिळाले तर यंत्र तिजोरीत असूनही सगळं जातं. अण्णांनी फोटो काढला नाही, कॉम्प्युटरमध्ये टाइप केले नाहीत, कागदावर पेनाने लिहिले. एक पैसा पाठवण्याआधी यंत्र कोरं करून तेच शब्द पुन्हा भरून बघायचं, हा नियमही पाळला.

तिथे घोळ झाला. यंत्र शब्द नाकारू लागलं. सातवा शब्द 'ॲब्सॉर्ब' की 'ॲब्सर्ड', हे अण्णांना स्वतःच्याच अक्षरात लागेना. यादीत दोन्ही आहेत. अखेर त्यांनी बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतीतल्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंना हाक मारली आणि कागद उंच धरून विचारलं, 'बाई, हा ओ वाटतो की यू?'

बाईंनी दुर्बीण आणली.

वहिनींनी अण्णांना आत ओढलं. शब्द गल्लीला दिसले म्हणजे ते बाद, हे अण्णांनीच शिकवलेलं त्यांना पाठ होतं. यंत्र पुन्हा कोरं केलं, नवे चोवीस शब्द काढले, आणि या खेपेला वहिनींनी लिहिले, शाळेतल्या सुवाच्य अक्षरात. आधी पाचशे रुपयांचं बिटकॉइन पाठवून बघितलं. कॉम्प्युटरमधला व्हायरस पत्ता बदलू शकतो, म्हणून 'बीसी वन'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता यंत्राच्या पडद्याशी ताडायचा होता. तो अण्णांनी व्हाउचर तपासल्यासारखा एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडला. पत्ता ऐकून कोणी पैसे फार तर पाठवू शकतो, काढू शकत नाही, म्हणून वहिनींनी वाचू दिला.

मग कागद ठेवायचा कुठे? अण्णांनी गच्चीपासून गणपतीच्या मखरापर्यंत जागा सुचवल्या.

'तुम्हाला काही झालं तर मला सापडायला हवा ना?' वहिनी म्हणाल्या. 'आणि तुम्ही धडधाकट असेपर्यंत तुम्हाला सापडायला नको.'

कागद त्यांनीच ठेवला. आता अण्णा कट्ट्यावर सांगतात, 'कागद कुठे आहे हे मला स्वतःलाही ठाऊक नाही.' मंडळी एकमेकांकडे बघून मान डोलावतात, अण्णांना अखेर गुपित ठेवता यायला लागलं म्हणून.