जमेची धास्ती

अंबरनाथच्या पालेगावात नवे टॉवर उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर पाटी नसलेली दुकानंही. बाहेरून पाहिलं तर वन बीएचके फ्लॅट, दारावर गणपती, चपलांचा स्टँड. आत दिवाणाखाली नाईट्या, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर सेलोटेपचं बंडल, आणि बाल्कनीत कुंड्यांच्या शेजारी कुरिअरच्या पिशव्या. या दुकानाच्या मालकीणबाईंना अख्खी विंग ‘वहिनी’ म्हणते. त्यांचं काउंटर व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर असतं आणि शोकेस इन्स्टाग्रामवर. कुर्ते, नाईट्या उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून येतात, जीन्स कॅम्प पाचातून. जूनमध्ये बदलापूरच्या जांभळांचीही ऑर्डर घेतली जाते. त्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून किलोमागे भाव किती वाढवावा, यावर वहिनींचा अजून विचार चालू आहे.

खरेदीत वहिनींना फसवणारा माणूस उल्हासनगरात सापडणं कठीण. कापड चिमटीत धरून, शिवण उलटी करून, दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याकडे कीव आल्यासारखं पाहून त्या निम्म्यापासून सुरुवात करतात. माल आत येताना त्यांचे हात स्थिर असतात. थरथर सुटते ती पैसे आत येताना.

पूर्वी असं नव्हतं. धंद्याच्या सुरुवातीला पैसे न देणाऱ्यांची भीती होती. ‘वहिनी, पगार झाला की देते’ म्हणणाऱ्या बायका त्याच विंगमध्ये राहत, लिफ्टमध्ये गाठता येत. मग गिऱ्हाईक वाढलं, अनोळखी नंबर आले, आणि ताबडतोब पैसे देणाऱ्यांची भीती सुरू झाली. वहिनींचा पहिला नियम आता सगळ्या जिन्याला पाठ आहे: जो भाव करत नाही, तो लबाड.

या नियमात सगळ्यात आधी सापडला तो फौजी. पंचवीस कुर्ते हवेत, भाव तुम्ही म्हणाल तो, असा त्याचा मेसेज. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. बदली झाली आहे, माणूस पाठवून माल उचलतो, पैसे आधी घ्या. एवढं सगळं सांगणाऱ्याने साइज मात्र विचारला नव्हता. पंचवीस कुर्ते आणि एकाचाही साइज नाही! मग त्याने खात्री पटावी म्हणून पाच रुपये पाठवले आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड. ‘मॅडम, स्कॅन करा, पिन टाका, रक्कम तुमच्या खात्यात.’ जवान असल्याची बतावणी करणारी ही युक्ती देशभर जुनी झाली आहे, तरी ती चालते. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. गिऱ्हाइकाने आधी किरकोळ रक्कम पाठवली, मग क्यूआर कोड, आणि सोफा घरीच राहून 34 हजार रुपये गेले. ही हकिगत वहिनी इतक्या तन्मयतेने सांगतात, की ऐकणाऱ्याला सोफा पालेगावातला वाटावा. त्यांच्या फ्रिजवर मुलाच्या वेळापत्रकाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे: ‘पैसे यायला पिन लागत नाही. स्कॅन करून पैसे जातात, येत नाहीत.’ फौजीला त्याच कागदाचा फोटो गेला. तो पुन्हा काही बोलला नाही. पाच रुपये वहिनींकडेच आहेत, आणि ते त्यांना खटकतात.

यूपीआयवर ‘रक्कम मागण्याची’ एक सोय होती, तिचाही असाच दुरुपयोग होई. समोरचा मागणी पाठवी आणि विकणारी ‘पैसे आले’ समजून पिन दाबी. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागण्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केल्या. वहिनींनी त्या दिवशी गोड केलं नाही. एक दार बंद झालं म्हणजे चोर खिडकी शोधणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खिडकी म्हणजे स्क्रीनशॉट. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या पट्ट्याने कित्येक वर्षं सोसला. आता पाळी उलटली आहे. माल अस्सल कॅम्प पाचाचा आणि पैसे डुप्लिकेट. हिरवी खूण, रक्कम, तारीख, वहिनींचं नाव, असं सगळं हुबेहूब दाखवणारी बनावट अ‍ॅप निघाली आहेत. माल न्यायला दारात आलेला तरुण तो हिरवा पडदा वहिनींच्या डोळ्यांसमोरून सरकवतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे काकी, येईल दोन मिनिटांत’ म्हणतो. त्याला पहिला दणका ‘काकी’बद्दल बसतो. मग वहिनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर मागतात आणि तो बँकेच्या खात्याशी ताडून पाहतात. बारा आकडे कुणीही रचू शकतं, हेही त्यांना आता माहीत झालं आहे.

शेवटी घरात साउंडबॉक्स आला. तो ओट्यावर, मिक्सरच्या बाजूला बसवला आहे. पैसे जमा झाले की तो मराठीत खणखणीत सांगतो. अडचण एवढीच, की कुकरच्या शिट्टीत अर्धा आकडा गडप होतो. मग सासूबाईंना साक्षीला बोलावलं जातं. सासूबाईंना यूपीआय म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण घरात अंतिम शब्द त्यांचा असतो. ‘पेटी बोलली नाही,’ असं त्यांनी हॉलमधून जाहीर केलं, की कुर्ता परत पिशवीत जातो. एकदा खुद्द सोसायटीच्या सेक्रेटरींना पेटी बोलेपर्यंत दारात ताटकळावं लागलं होतं. पुढच्या महिन्यात मेंटेनन्स भरताना त्यांनीही वहिनींकडे यूटीआर मागितला.

मेसेजची गंमत आणखी वेगळी. ‘आपल्या खात्यात 9,000 जमा’ असा मेसेज आणि लगोलग फोन: ‘ताई, नऊशेच्या जागी नऊ हजार गेले हो. आई अ‍ॅडमिट आहे, बाकीचे लगेच परत टाका.’ नवखी विक्रेती रक्कम वाचते. वहिनी आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचतात. बँकेचा मेसेज रोमन अक्षरांच्या आणि मधल्या आडव्या रेघेच्या नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. आणि पैसे खरोखरच जादा आले असले, तरीही वहिनी स्वतः परत पाठवत नाहीत. ‘तुमच्या बँकेत तक्रार करा दादा, माझी बँक उलट पाठवेल.’ दादा गयावया करतात, शाप देतात, दुसऱ्याच एका खात्याचा नंबर देतात. वहिनी तोवर भाजी निवडून घेतात.

इथवर सगळं खोट्या पैशांचं. वहिनींची झोप उडवतात ते खरे पैसे. समजा, दूर कुठल्या राज्यात कुणाला गंडा बसला. त्याने 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, त्या वाटेवर एकामागून एक टाच येत जाते. भामट्याने त्यातल्याच बाराशे रुपयांचा कुर्ता पालेगावातून मागवला असेल, तर वाटेवर वहिनीही येतात. त्यांनी माल दिला, पैसे घेतले, आणि एका सकाळी एटीएमने नकार दिला. केरळात असे अनेक छोटे व्यापारी अडकले. तिथल्या उच्च न्यायालयाला 2023 मध्ये सांगावं लागलं, की संशयित रकमेपुरतंच अडकवा, सगळं खातं गोठवू नका. ही बातमी वाचल्यापासून वहिनींनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत बिलं, कुरिअरच्या पावत्या आणि चॅटच्या प्रिंट तारीखवार ठेवायला घेतल्या. धंद्याचं खातंही वेगळं काढलं. घराचा हप्ता त्या खात्याच्या आसपास फिरकत नाही. घरी श्रीखंड मात्र वाजवीपेक्षा जास्त होऊ लागलं, कारण डबे पुरेनात.

या सावधगिरीचा फटका सरळ माणसांना बसतो. बदलापूरच्या एका ताईंनी साडी मागवली, पैसे दुसऱ्याच नावाने आले. वहिनींनी लगेच फोन लावला.

‘ताई, ऑर्डर तुमची आणि खातं कुणाचं?’

‘अहो, आमच्या मिस्टरांचं.’

‘मिस्टरांना द्या जरा फोन.’

मिस्टर आले. वहिनींनी रीतसर विचारलं, ‘आपण आता अठराशे रुपये पाठवलेत का?’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मिस्टरांचा आवाज, पण फोनपासून दूर तोंड करून: ‘अठराशे? तू तर आठशे म्हणालीस!’

साडी पोचली, पण त्या ताईंनी नंतर ग्रुप सोडला. वहिनींच्या मते त्यात त्यांचा दोष शून्य. व्यवहार खरा निघाला, एवढं पुरे.

नवऱ्याला या सगळ्याची सवय झाली आहे. तो सीएसएमटीहून सुटलेल्या लोकलमध्ये, कल्याणच्या गर्दीत एका पायावर उभा राहून घरखर्चाचे पैसे पाठवतो आणि लगेच खाली लिहितो: ‘मीच पाठवले. मे-जूनच्या दुधाचे.’ तरी अंबरनाथला उतरेपर्यंत एक फोन येतोच. बँकेतल्या मुलीही वहिनींना लांबून ओळखतात. त्या दारातून आत आल्या, की काउंटरवरची एक मुलगी हटकून जेवायला जाते.

गेल्या भाऊबीजेला नाशिकच्या भावाला सुट्टी मिळाली नाही. त्याने व्हिडिओ कॉल लावला, वहिनींनी पडद्यासमोर ताट फिरवलं, कुंकू लावताना कॅमेराच लाल झाला. भावाने तिथल्या तिथे 5,001 रुपये पाठवले. ओट्यावरची पेटी बोलली, कुकर बंद होता, सासूबाईंनी आकडा स्वच्छ ऐकला. वहिनींचा चेहरा मात्र गंभीर झाला. दरवर्षी हजार देणारा भाऊ, या खेपेला न मागता पाचपट! त्यांनी ताट खाली ठेवलं.

‘दादा, तुझा फोन तुझ्याच हातात आहे ना?’

‘अगं, तूच बघते आहेस की मला!’

‘आजकाल चेहरे पण बनवतात. आपल्या आजोळच्या म्हशीचं नाव सांग.’

भावाला म्हशीचं नाव आठवेना. फोन वहिनींच्या आईकडे गेला, आईकडून शेजारच्या मामींकडे, आणि अर्ध्या तासाने ‘चंद्री’ असं उत्तर मिळाल्यावर पालेगावात ओवाळणी स्वीकारण्यात आली.