प्रकाशाला जिभेनं मागे टाकणाऱ्या महाशयांना खुलं पत्र

महाशय,

प्रकाशाहून वेगवान यान तयार आहे, फक्त ते जगापासून लपवलं जातंय, असं छातीठोक सांगणारे तुमचे व्हिडिओ आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पोरांच्या मोबाइलवर फिरताहेत. प्रकाशाला आजवर कुणी मागे टाकलं असेल, तर ते तुमच्या जिभेनं.

मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. मापात न बसलेला माल आम्ही पुढे सोडत नाही. तेव्हा तुमचा मालही मोजून घेऊ.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. वस्तूला त्याच्या जवळ न्यायचं तर लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते. जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर लांब बोगद्यात प्रोटॉनसारखा इवलासा कण पळवतात. तोसुद्धा प्रकाशाच्या सेकंदाला तीनेक मीटर मागेच राहतो. भौतिकशास्त्रज्ञ अल्कुबिएरे यांचं नाव तुम्ही घेता. त्यांनी १९९४ मध्ये गणित मांडलं: यानापुढचं अवकाश आकसवायचं, मागचं पसरवायचं. त्याला ऋण ऊर्जा लागते आणि ती तेवढी आणायची कुठून, हे कुणालाच माहीत नाही. नुसत्या ड्रॉइंगला तुम्ही डिलिव्हरी चलन जोडून मोकळे झालात.

माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. खरी हकिगत तुमच्या थापेपेक्षा कितीतरी थरारक आहे आणि ती तुम्ही पोरांपासून लपवता. १९६२ मध्ये ई. सी. जी. सुदर्शन, व्ही. के. देशपांडे आणि बिलानियुक या भौतिकशास्त्रज्ञांनी विचारलं: जन्मापासूनच प्रकाशाहून वेगवान असलेले कण असतील तर? सापेक्षता सिद्धांत त्यांना मज्जाव करत नाही, असं त्यांनी दाखवलं. या कणांना पुढे टॅकिऑन हे नाव मिळालं. १९७६ मध्ये आपल्या जयंत नारळीकरांनी सुदर्शन यांच्याबरोबर टॅकिऑन आणि विश्वरचना यांवर शोधनिबंध लिहिला. असा कण अजून सापडलेला नाही. नारळीकरांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण कथा म्हणूनच वाचकांच्या हाती दिल्या.

२०११ मध्ये तर न्यूट्रिनो नावाचे कण सर्नहून ७३० किलोमीटरवर इटलीत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचं दिसलं. प्रयोग करणाऱ्यांनी सगळी मापं उघड केली आणि जगाला म्हटलं, तपासा. त्यांनी स्वतःची यंत्रणाही पुन्हा उलगडली, तेव्हा ऑप्टिकल फायबरचा एक कनेक्टर नीट बसलेला नव्हता, असं निघालं. २०१२ मध्ये दावा मागे घेतला गेला. सैल कनेक्टर काय गोंधळ घालतो, हे भोसरी-चाकणच्या लाइनवरच्या कुठल्याही पोराला समजवावं लागत नाही. आपलंच माप आधी तपासणारी ही माणसं तुमच्या व्हिडिओत का नाहीत?

चिंचवडच्या सायन्स पार्कमधून पोरं डोळ्यांत प्रश्न घेऊन बाहेर पडतात. चाकणवरून नाशिक रस्त्यानं पुढे नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिथं काम करण्याची ताकद या पोरांत आहे. त्यासाठी त्यांना न सुटलेला प्रश्न न सुटलेलाच मिळायला हवा. तुम्ही खोटं उत्तर विकून तो प्रश्नच मारता, हा तुमचा गुन्हा.

व्हिडिओ जरूर करा. किती सिद्ध झालंय, किती कागदावर आहे आणि किती माहीतच नाही, हे तिन्ही त्यात वेगळं सांगा. तेवढं जमत नसेल, तर आमच्या पोरांना शिकवायचं थांबवा.

चाकणचा एक कामगार