रविवार सकाळ नऊवाले

पंचेचाळिशीच्या आगेमागे असलेल्या पुरुषांत एक जमात अशी आहे, की तिच्यासमोर साध्या किराण्याचंही नाव काढायची सोय नाही. ‘तेल संपलंय’ एवढंच तुम्ही म्हणावं, की हा माणूस हळवा होतो आणि घरावर रुसून रेल्वे स्टेशनवर जाऊन बसलेल्या, पण घरी जिलब्या केल्यात हे कळताच परत फिरलेल्या, जाहिरातीतल्या एका पोराची गोष्ट सांगायला लागतो. पोरगा घरी पोचतो, जिलबी खातो, सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो. तेल आणायचं राहून जातं. स्कूटरचा विषय निघाला तर याला बजाज आठवते, साबणाचा निघाला तर धबधबा. धबधब्याविषयी तो बायकोसमोर जरा आवरतं घेतो.

या जमातीला मी ‘रविवार सकाळ नऊवाले’ म्हणतो. बोलणं डाळीच्या भावावरून सुरू होवो, मुलीच्या दहावीवरून होवो, नाहीतर कोणाच्या बायपासवरून. ते शेवटी १९९३-९४ सालातल्या एखाद्या रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर येऊन मांडी घालतं आणि तिथून हलत नाही.

माझा मावसभाऊ या जमातीतला अव्वल. आम्ही त्याला दादा म्हणतो. वाढला डोंबिवलीत, आता घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो. एका बँकेच्या संगणक खात्यात वरच्या हुद्द्यावर आहे. त्याला विचारल्याशिवाय तिथे कोणी बटण दाबत नाही म्हणे. पण लग्नकार्यात हाच माणूस गाठतो कोणाला? तर पंक्तीत शेजारी बसलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या पोराला.

“शेरखानला आवाज कोणाचा होता?”

“कोण शेरखान?”

“अरे, जंगल बुक! दूरदर्शनचं!”

पोरगं मठ्ठ्याच्या वाटीत बघतं.

“नाना पाटेकर!” दादा स्वतःच उत्तर देतो आणि स्वतःच थक्क होतो. “गाणं कोणाचं? गुलजार. चाल विशाल भारद्वाजची. आणि गंमत सांगू? आपला मोगली मुळात जपानी. निप्पॉन अ‍ॅनिमेशननं केला, १९८९ साली.”

“मग?” पोरगं विचारतं.

या ‘मग?’ला दादाकडे उत्तर नसतं. ही माहिती कशासाठी नसतेच. ती असते, एवढंच. पण ती असलेला दुसरा माणूस भेटला की बघावं. एकदा लोकलमध्ये एका अनोळखी गृहस्थानं ‘गायब आया’ या जुन्या कार्टूनचं नुसतं नाव घेतलं, तर हे दोघं ठाणं सोडून पार दादरला उतरले आणि उलटी गाडी पकडून परत आले. एकमेकांची नावं विचारायची राहिली.

एका बारशात तर त्यानं हंगेरीचे पंतप्रधान काढले. १२ डिसेंबर १९९३, रविवार. हंगेरीच्या टीव्हीवर ‘डक टेल्स’ चालू असताना मधेच चित्र गेलं आणि पंतप्रधान योझेफ आंताल यांच्या निधनाची बातमी आली. त्या वेळी टीव्हीसमोर बसलेल्या पोरांच्या पिढीला तिकडे आजही ‘डक टेल्स पिढी’ म्हणतात. “बघ,” दादा म्हणाला, “तिकडे कार्टून थांबवायला निदान पंतप्रधान जावे लागले. आपल्याकडे नुसती ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. कारण नाही, काही नाही.” बाळाचं नाव काय ठेवलं, हे त्यानं गाडीत बसल्यावर वहिनीला विचारलं.

तरी खरा व्यासंग जाहिरातींचा. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ला, हे तो २६ जानेवारीच्या थाटात सांगतो. विको म्हटलं की ‘आपले पेंढरकर, परळचे!’ म्हणून छाती फुगते. ‘एक अनेक और एकता’ ही जाहिरात नव्हती, हे तो आपण होऊन मान्य करतो, पण ती विजया मुळे यांनी १९७४ साली केली, एका मराठी बाईंनी, एवढ्या कारणासाठी तिला आपल्या यादीत घेतो. ‘सर्फ’वाल्या ललिताजी म्हणजे कविता चौधरी फेब्रुवारी २०२४मध्ये गेल्या, तेव्हा दादानं व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला काळी चौकट लावली. घरचं कोणी गेलं असं समजून ऑफिसातल्यांचे फोन आले. यानं ते नाकारलं नाही. “जवळच्या होत्या,” म्हणाला.

या सगळ्यावर उतारा एकच, माझी मावशी. पंच्याहत्तरीची आहे, स्मरण लख्ख, आणि हळवेपणाशी तिचा उभा दावा.

“आई, ललिताजींमुळे आपल्याकडे सर्फ आला ना गं?”

“ललिताजींच्या घरी पगार जास्त असेल. आपल्याकडे साबणाची वडी. तुझ्या बाबांच्या ऑफिसच्या शर्टांना तेवढी निरमा.”

“पण रसना तरी होतं.”

“होतं ना. जाहिरातीत म्हणायचे एका पाकिटात बत्तीस ग्लास. मी पन्नास करायचे. पुरायला नको?”

“आणि कॅडबरी?”

“तुझा मामा आणायचा, आला तर. सुरीनं कापून सगळ्यांना वाटायचे. तुला कोपरा लागायचा, त्यावर जास्त असतं म्हणून.”

दादा गप्प बसतो. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, की कोपरा त्याला आठवलाय आणि तो सुखावलाय. षटकार बसताच फुलाफुलांच्या फ्रॉकमधली मुलगी कुंपण ओलांडून मैदानात नाचत येते, ती कॅडबरीची जाहिरात बघून तो रडतो. २०२१ साली कंपनीनं तीच उलटी फिरवून पुन्हा केली, खेळणारी मुलगी आणि नाचणारा मुलगा अशी, ती बघूनही रडला. मला वाटलं होतं, हे असले बदल याला खपणार नाहीत. पण नाही. रडण्याच्या बाबतीत दादा पुरोगामी आहे.

ओनिडाचा किस्सा तर त्याच्याच तोंडून ऐकावा. घरी शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. त्यामुळे त्या जाहिरातीतला शिंगं आणि शेपटीवाला सैतान दादाच्या लेखी कित्येक वर्षं करडा होता. तो हिरव्या कपड्यांत असतो, हे शेजाऱ्यांकडे नवा रंगीत टीव्ही आल्यावर कळलं. शेजाऱ्याच्या टीव्हीचा हेवा वाटावा, म्हणून तर ती जाहिरात होती. एवढी पुरेपूर लागू पडलेली जाहिरात माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझ्या ध्यानात आलं ते असं, की ज्या जाहिरातींवर याचा एवढा जीव, त्यांतली जवळजवळ कुठलीच वस्तू त्या घरात धडपणे कधी आली नाही. जी आली ती पाणी घालून किंवा सुरीनं कापून. दादाच्या वाट्याला आलं ते बघणं. आणि बघायला मात्र त्यानं काही कमी केलं नाही. आता तो सगळं आणू शकतो, आणतोही. फ्रिजमध्ये कॅडबरीची हातभर लांब वडी पडून असते. डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून तो तिच्याकडे बघतो.

घरी जाहिराती नकोत म्हणून तो मोबाइलवरच्या व्हिडिओंसाठी महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो. आणि मग रात्री जेवणं आटोपली, की सोफ्यावर आडवा होऊन त्याच पैशांत ‘ऐंशी-नव्वदच्या जुन्या जाहिराती’ असा सलग तासाभराचा व्हिडिओ लावतो. वहिनीनं एकदा हा हिशेब विचारला. “त्या जाहिराती वेगळ्या,” दादा म्हणाला, “त्यात काही विकत नव्हते.”

व्हिडिओ गेमचंही तेच. गेम होता दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा. तेव्हा समुराई, मीडिया, लिटल मास्टर असली नावं होती. जपानच्या निन्टेन्डोची आपल्याकडची सख्खी-चुलत भावंडं सगळी. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’, आणि आत तेच पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. नियम असा, की ज्याचा गेम त्याचे दोन डाव, मग बाकीच्यांचा एकेक. दादाचा नंबर येईपर्यंत लाइट जायची, नाहीतर त्या मुलाची आई जेवायला वाढायची. मात्र कॅसेट अडली की हाक दादालाच. फुंकर मारण्यात याचा हात, म्हणजे तोंड, कोणी धरत नसे. आता जाणकार सांगतात की त्या फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली म्हणून चालायची, उलट तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजायच्या. दादाला हे मान्य नाही. एवढ्या एकाच गोष्टीत तो विज्ञानाच्या विरोधात गेलेला आहे.

कार्टूनवरून काढलेल्या गेमांवर त्याची विशेष माया. कॅपकॉम कंपनीनं १९८९ साली ‘डक टेल्स’चा गेम काढला, त्यात अंकल स्क्रूज हातातल्या काठीवर टुणटुण उड्या मारत खजिने गोळा करतो. दादाच्या चाळीत तो कधी पोचला नाही. २०१३ साली तोच नव्या चित्रांत निघाला, तेव्हा दादानं पहिल्याच दिवशी घेतला. त्यात स्क्रूजला आवाज द्यायला मूळच्या अ‍ॅलन यंग यांनाच आणलं होतं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. तिकडचे चाहते गहिवरले. आमच्या दादानं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, “हा स्क्रूज नाही. स्क्रूज हिंदीत बोलतो.”

पुढे ऑगस्ट २०१९मध्ये हा गेम विक्रीतून गेला. असल्या गेमांचं हे दुखणंच आहे: पात्रं एकाची, गेम दुसऱ्याचा, मधला करार संपला की दुकानातून नाव पुसलं जातं. दादा त्या काळात खरोखर खालावला होता. मार्च २०२०मध्ये गेम परत आला. जग कड्याकुलपं लावून घरात बसत होतं आणि दादा एकेकाला फोन करून सांगत होता, की चला, एक तरी चांगली बातमी आली.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग झालेला मी एकदाच ऐकला. ऑफिसात कोणी वरिष्ठ एक काम घाईनं मागत होता. दादा उभा राहिला आणि अटारीची कथा लावली: १९८२ साली ‘ई.टी.’ सिनेमावरचा गेम पाच आठवड्यांत करून मागितला, नाताळापूर्वी हवा म्हणून. तो इतका पडून राहिला, की कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन पुराव्या लागल्या, आणि २०१४ साली लोकांनी त्या उकरून काढल्या. वरिष्ठानं मुदत वाढवून दिली. पटलं म्हणून दिली, की कथा थांबावी म्हणून, ते कळलेलं नाही.

गेल्या दिवाळीत दादानं लॅमिंग्टन रोडवरून बंदुकीसकट गेम आणला. बदकं मारायचा. हॉलच्या भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही. मुलगी आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षक. दादानं एक डोळा मिटून नेम धरला, चाप ओढला. बदक उडून गेलं. गवतातून कुत्रं वर आलं आणि हसलं. पुन्हा नेम, पुन्हा बदक गेलं, पुन्हा कुत्रं. शेवटी मुलींनाही कुत्र्याचंच हसू यायला लागलं.

“चष्म्याचा नंबर तपासून घे,” मावशी म्हणाली.

दोष चष्म्याचा नव्हता. त्या बंदुकीतून काही सुटत नाही; ती नुसती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला त्याचा उजेड दिसला तर बदक पडलं. जुन्या, पाठीला कुबड असलेल्या काचेच्या टीव्हीवर हे तिथल्या तिथे होतं. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा पोचतं, तोवर बंदुकीनं नाद सोडलेला असतो.

हे समजल्यावर दादाला जुना टीव्ही हवा झाला. आपला काय झाला, असं त्यानं घरात जरा चढ्या आवाजात विचारलं. “भंगारवाल्याला दिला,” वहिनी म्हणाली, “तूच लिफ्टपर्यंत ढकलत नेलास आणि सुटलो म्हणालास.” मग आठवडाभर शोध. अखेर भिवंडीच्या एका गोदामात एक चालू डबा मिळाला. तो वर आणायला वॉचमन धरून तिघं लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टपाशी अडवून विचारलं, की लोक भंगार खाली नेतात, तुम्ही वर कसं नेता? टीव्ही टेकवायला टीपॉय पुरेना म्हणून शिसवी देव्हाऱ्याची चौकट पुढे आली. मावशीनं काही न बोलता कपाटातून टीव्हीवर घालायचं क्रोशाचं झाकण काढलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं, धुऊन, डांबरगोळ्या घालून. हळवेपणाशी दावा असलेली बाई!

टीव्ही लागला. सोसायटीतली पोरंपोरी जमली. त्यांनी बंदूक सरळ काचेला टेकवून धडाधड बदकं पाडायला सुरुवात केली.

“असं नाही, लांबून मारायचं!” दादा ओरडला. “आमच्या वेळी...”

“तुमच्या वेळी तुझा नंबर कुठे यायचा?” मावशी म्हणाली.

तिघींचे डाव झाले, मग सेक्रेटरींच्या नातवाचा झाला, मग स्वतः सेक्रेटरी बसले. दादा सोफ्याच्या कडेला सरकत सरकत पार पुढे आला.

“आई, आता मी?”

“थांब रे. ते पाहुणे आहेत. आधी त्यांचं होऊ दे.”

“बरं,” दादा म्हणाला. “कॅसेट अडली तर सांगा, फुंकायला मी आहे.”