रजा मंजूर, विमान रद्द

ट्रॉम्बेच्या एका केंद्र सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी रजेत गेली. म्हणजे मी रजेवर होतो असे नव्हे, मी रजेच्या टेबलावर होतो. बाहेरच्या जगाला ट्रॉम्बे म्हटले की अणुभट्टी आठवते. ४ ऑगस्ट १९५६ ला इथे अप्सरा चालू झाली, पुढे सायरस, मग ध्रुव. मला ट्रॉम्बे म्हटले की सीएल म्हणजे किरकोळ रजा आठ, आरएच म्हणजे ऐच्छिक सुट्ट्या दोन, ईएल म्हणजे अर्जित रजा तीस आणि हाफ पे वीस हेच आठवते. मोठमोठ्या पदव्यांची माणसे माझ्या टेबलाशी येत आणि सोमवारची सीएल मंगळवारपासूनच्या ईएलला जोडून मागत. मी नियमावर बोट ठेवी. अणू फोडायला निघालेल्या माणसाला सीएल आणि ईएल जोडता येत नाही हे सांगताना जे सुख मिळे, ते पुढे पेन्शननेही दिले नाही.

रजेच्या टेबलावरच्या माणसाला पंचांग वेगळे लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की भातलावणीवाल्यांच्या काकांना बरे वाटेनासे होई, गणपतीच्या आधल्या आठवड्यात देवगड ते संगमेश्वर पट्ट्यातल्या आया एकदम अंथरूण धरत, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोळीवाड्यातल्यांची पाठ भरून येई. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे १९७२ च्या नियमांत स्वच्छ लिहिले आहे. ते वाक्य मी टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. शिवाय ईएल ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे होतात. त्यामुळे आमच्याकडे खरा तापलेला माणूस रजा वाचवायला कामावर येई, आणि मेडिकल टाकणारा हटकून ठणठणीत असे.

कारण सांगण्याच्या बाबतीत आमच्या भागाची परंपरा तशी थोर आहे. १९९८ च्या मे महिन्यात इथल्या शास्त्रज्ञांनी घरी काहीतरी वेगळेच सांगितले आणि पोखरणला जाऊन लष्करी गणवेश चढवले. १ मेच्या पहाटे ट्रॉम्बेहून मालमोटारी निघाल्या आणि नको ते सामान सांताक्रुझहून हवाई दलाच्या विमानाने जैसलमेरला गेले. महाराष्ट्र दिन होता, राज्यभर सुट्टी. त्या दिवसाच्या बदली रजेसाठी कोणी अर्ज केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तर रजेचा असा अभ्यास असलेल्या घरात माझा भाचा वैमानिक झाला. धाकट्या बहिणीचा मुलगा. तिचे घर आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. वैमानिक म्हणजे गॉगल, चार पट्ट्या आणि बायकोसाठी परदेशी साबण, एवढीच आमची माहिती. प्रत्यक्षात हा मंगळवारी सकाळी अकराला अर्ध्या चड्डीत कोळीवाड्यात बोंबील घेताना दिसू लागला. बुधवारीही दिसला. आमच्या इमारतीत सकाळी अकराला दिसणारा धडधाकट पुरुष एकतर निवृत्त असतो किंवा निलंबित. लोक बहिणीला हळू आवाजात विचारू लागले, "सगळं ठीक आहे ना?" रात्री दोनला तो बॅग ओढत निघतो तेव्हा हेच लोक झोपलेले असतात, त्यामुळे ती बाजू नोंदलीच जात नाही.

वर शेजारच्या निवृत्त अकाउंटंट काकांना कुठून तरी कळले की वैमानिकाला वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडवायची परवानगीच नाही. त्यांनी लगेच भागाकार केला. "दिवसाला पावणेतीन तास!" असे म्हणून त्यांनी चष्मा काढला. पावणेतीन तास तर त्यांचा पूर्वी डबा आणि वर्तमानपत्र यांतच जात असे. भाच्याने समजावले की ते तास विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचे. त्याआधी हजेरी, तपासण्या, हवामान, नंतर कागद, मधे कुठल्यातरी गावच्या हॉटेलात जाड पडदे ओढून दुपारी झोपायचा प्रयत्न. काकांनी हॉटेल तेवढे लक्षात ठेवले.

माझी अडचण निराळी होती. मला त्याचा दिवस कुठल्या रकान्यात टाकावा ते कळेना. आमच्या मस्टरवर हजर, गैरहजर आणि रजा. याच्याकडे स्टँडबाय नावाचा एक प्रकार असतो. माणूस घरी असतो, पण रजेवर नसतो. कामावर असतो, पण काम नसते. दाढी झालेली, बॅग भरलेली, फोन चार्ज केलेला. मानखुर्दच्या सिग्नलला आणि पुढे सांताक्रुझ-चेंबूर जोडरस्त्याला किती वेळ लागेल याचा हिशेब डोक्यात चालू. बहिणीकडच्या सत्यनारायणाला हा कलावतीच्या कथेच्या मधोमध उठून गेला आणि थेट पाटण्याहून परत आला. प्रसाद टाकून जाणाऱ्याचे काय होते हे त्याच कथेत असल्यामुळे बहिणीने शिऱ्याची वाटी फ्रीजमध्ये दोन दिवस जपली.

पण रजेच्या शास्त्रातला खरा धक्का मला सर्दीने दिला. भाच्याला सर्दी झाली आणि त्याने सिक कळवून टाकले. सर्दीला! आमच्या कचेरीत सर्दी हा आजार नव्हता, रुमाल होता. बहीण म्हणाली, "वाफ घे आणि जा." त्यावर त्याने कानाचे शरीरशास्त्र सांगितले. नाक चोंदले की घशातून कानाकडे जाणारी नळी बंद होते. विमान खाली उतरताना केबिनमधला दाब वाढतो, तो कानात सारखा होत नाही, आणि पडदा फाटेपर्यंत वेळ येऊ शकते. तेही नेमके उतरताना, जेव्हा दोन्ही कानांची गरज असते. बरे, औषध घेऊन जावे, तर झोप आणणारी गोळी चालत नाही. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल. शेजारच्या काकूंच्या होमिओपॅथीच्या थेंबांतही अल्कोहोल. उड्डाणाआधी १२ तास दारूला स्पर्श नाही असा नियम आहे आणि श्वासाची तपासणी होते, त्यात यंत्राला खंबा आणि खोकला यांतला फरक कळत नाही. काकूंचे थेंब आयुष्यात प्रथमच कोणीतरी एवढ्या गांभीर्याने घेतले म्हणून त्या मात्र सुखावल्या.

मग त्याने नियमच सांगितला. तब्येत ठीक नसताना जो वैमानिक विमान नेतो, तो दोषी. मी खुर्चीत ताठ झालो. आजारी असताना कामावर येणे हा गुन्हा! आमच्याकडे असा नियम असता तर मार्च अखेरीला निम्मी कचेरी अटकेत गेली असती. याशिवाय दरवर्षी वैद्यकीय तपासणी, वय वाढले की वर्षातून दोनदा. तिच्यात काही निघाले तर डॉक्टर लिहून देतात, 'तात्पुरता अपात्र'. आमच्याकडे हे प्रमाणपत्र मिळवायला लोक डॉक्टरांकडे मिठाई नेत. त्याच्याकडे ते हातात पडले की माणूस पांढराफटक पडतो, कारण उड्डाणांच्या तासांवरचा भत्ता बंद होतो.

एवढे असूनही वैमानिक आजारी आहे म्हटले की कंपनीच्या भुवया वर जातात. याला इतिहास आहे. सप्टेंबर २००९ मध्ये पुण्यामुंबईत स्वाइन फ्लूने लोकांच्या तोंडाला मास्क बांधला होता, आणि त्याच दिवसांत जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले. ही साथ फार शिस्तीची होती. ती फक्त एकाच कंपनीत शिरली, संघटना काढणाऱ्या दोघांना नोकरीवरून काढल्यावर सुरू झाली आणि तडजोड होताच पाचएक दिवसांत उतरली. मे २०१२ मध्ये एअर इंडियातली साथ अधिक चिवट निघाली. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे हे तिचे मूळ. ती ५८ दिवस टिकली. जुलै २०२२ च्या एका शनिवारी इंडिगोची निम्म्याहून अधिक विमाने उशिरा सुटली, कारण केबिन क्रूमधले बरेच जण आजारी होते. त्याच दिवशी एअर इंडियाच्या मुलाखती होत्या. मी हे वाचले आणि मला आमच्या संगमेश्वरच्या आया आठवल्या. पण त्या आया बिचाऱ्या स्वतंत्रपणे आजारी पडत, त्यांच्यात संघटन नव्हते.

एका आकड्यापाशी मात्र मला थट्टा सुचली नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान पडले. चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. ५१ कॅप्टन, ६१ सहवैमानिक. पुण्याचे मुरलीधर मोहोळ नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आहेत, त्यांनी हे लोकसभेत सांगितले. मी टेबलावर असतो तर त्या ११२ अर्जांवर एकही शेरा न मारता सही केली असती.

आता डिसेंबर २०२५. माझ्या आयुष्याचे सार्थक ज्या महिन्यात झाले तो महिना. विमानाला पायलट का मिळेना, यावर वाहिन्यांवर लोक घसा फोडत होते. मी भाच्याला समोर बसवून नियमांचा कागद काढायला लावला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नवे विश्रांतीचे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते, कंपन्यांनी कुरकुर केल्यावर लांबले, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची लँडिंग सहावरून दोन. रात्र मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत होती, ती सहापर्यंत लांबवली. सरकारने एक तास रात्र वाढवली, हे वाचून आमचे अकाउंटंट काका म्हणाले, "तरीच."

त्यातच ते वाक्य होते. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये. बाकीचे लोक रात्रीच्या लँडिंगवर वाद घालत होते. माझी नजर त्या ओळीवरून हटेना. याचा अर्थ असा की वैमानिकाने दोन दिवस रजा घेतली तर 'झाली की विश्रांती, आता आठवडाभर उड' असे त्याला म्हणता येणार नाही. म्हणजे हे इतकी वर्षे म्हणता येत होते? आमच्या कचेरीत सीएलच्या मधे आलेला रविवार सीएलमध्ये मोजत नसत. शिपायाचा रविवार रजेने खाल्ला असता तर युनियनने साहेबांना टेकडीवर नेऊन सोडले असते. रजेचे खाते वेगळे, विश्रांतीचे वेगळे. मी हे भाच्याला इतक्या आवेशाने सांगितले की तो म्हणाला, "मामा, तुम्ही पायलट का नाही झालात?"

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक जण ज्या इंडिगोने जातात, तिच्याकडे नव्या हिशेबाने वैमानिक कमी पडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर विमाने रद्द झाली. ऐन लग्नसराई. हुबळीला एका जोडप्याच्या स्वागत समारंभाचा हॉल, जेवण, पाहुणे सगळे तयार, नवराबायको मात्र दुसऱ्याच गावी अडकलेले. त्यांनी पडद्यावरूनच समारंभाला हजेरी लावली. तिकिटांचे दर असे चढले की सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. आणि त्याच ५ तारखेला डीजीसीएने काय केले? ते वाक्य मागे घेतले. नेमके तेच. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही सूचना रद्द.

आमच्या खात्यात रजेच्या कारकुनाला कोणी कधी महत्त्व दिले नाही. बढतीच्या यादीत आम्ही शेवटी, कँटीनच्या रांगेत मधे. आणि इथे रजेचे एक वाक्य घातले तर देश जमिनीवर, काढले तर आकाशात! मी हिला म्हटले, "बघ." ती म्हणाली, "आधी दळण आणा."

सूचना मागे घेतली ती पद्धत मात्र मला आवडली नाही. मी सवयीने टिपणी तयार केली, की सदर बाब मूलभूत स्वरूपाची असून एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात वर्ग करणे नियमबाह्य आहे. भाच्याने ती वाचली आणि कुठे पाठवू नका म्हणून हात जोडले.

सध्या घरात गणपतीचा प्रश्न आहे. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आली आहे आणि बहिणीची इच्छा आहे की मुलाने एकदा तरी प्राणप्रतिष्ठेला गावी असावे. मागची काही वर्षे तो गौरी-विसर्जनानंतर उगवतो आणि शिळे मोदक खातो. माझ्याकडे सल्ल्याला आली. "दादा, तू एवढ्या जणांना रजा दिल्यास, याला एक अर्ज लिहून दे." मी 'सविनय निवेदन' पर्यंत पोहोचलो होतो. भाचा म्हणाला, अर्ज नसतोच. फोनवर तारखा टाकायच्या, सगळे टाकतात, आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने यंत्र वाटप करते. दिवाळी वरच्यांना, मे महिना वरच्यांना. याला दरवर्षी मनासारखा जुलै मिळतो.

"पण गणपती कोण मागतंय एवढं? दिल्लीचे लोक तर दिवाळी मागत असतील," मी म्हणालो.

"मुंबई बेसला सगळे गणपतीच मागतात, मामा. माझ्या पुढचा एक कॅप्टन कणकवलीचा आहे."

मी टिपणीचा कागद उलटा केला आणि त्या कॅप्टनची निवृत्तीची तारीख विचारली. वैमानिक पासष्टाव्या वर्षी उतरतो. त्यांना अजून नऊ वर्षे आहेत. त्यांच्या मागोमाग एक गुहागरचा आहे म्हणे, तो बराच तरुण आहे. बहिणीला मी सध्या फक्त कणकवलीचे सांगितले आहे.